कारभाऱ्याचं नाक

६ फेब्रुवारी

नाही उठला!

वास लावलेली कागदी पट्टी अगदी मिशांना टेकेल इतकी जवळ धरली. एकदा हुंगलं, फुस्स करून श्वास सोडला आणि मान परत पंजांवर. तोंड दाराकडे. मी तिथं नाहीच!

म्हणजे अत्तराचा हाही नमुना गेला. बाटलीच्या चिठ्ठीवर फुली मारली. इतक्या रागानं मारली की चिठ्ठीच फाटली.

‘कारभारी’ हे नाव ठेवण्याची हौस स्वारीची. पिल्लू घरात आलं त्याच दिवशी म्हणाला, ‘आजपासून घराचा कारभार याच्याकडे, मी आपला येऊनजाऊन.’ मी खिडकीतून ‘कारभारी, वर या, जेवायचंय!’ अशी हाक मारली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. त्यांना वाटायचं, बाई नवऱ्याला काय दरडावते! कुत्रं शेपूट हलवत जिना चढायचं आणि मागून खरा नवरा हसत हसत. आता एक गेला, एक राहिला. राहिलेला दारात पडून गेलेल्याची वाट बघतो.

नवऱ्याला अजून ‘स्वारी’च लिहितेय. हाताला सवय झाली, त्याला काय करू.

७ फेब्रुवारी

घामाच्या वासासाठी घातलेलं जिरं जास्त झालं होतं. घामाच्या जागी स्वयंपाकघर आलं. मीसुद्धा उठले नसते.

११ फेब्रुवारी

दुकानवालीचा फोन. नमुना कधी? तिला एप्रिलच्या मध्यावर बाटल्या मांडायच्यात. ऑर्डर देताना काय म्हणाली होती — ‘ताई, यंदा फुलं नकोत. धीट काहीतरी! जनावराचा वास आला पाहिजे, माणसानं वळून बघितलं पाहिजे. आणि सगळं नैसर्गिक, हं. शिवाय ग्रीक पुराणातली एखादी गोष्ट शोधा. गिऱ्हाइकाला गोष्ट लागते.’

गोष्ट मला शोधावी लागली नाही. दारात पडलेली होती.

ग्रीकांचा एक राजा लढाईवर जातो आणि परत येईस्तोवर वीस वर्षं होतात. येतो तो भिकाऱ्याच्या वेशात. नोकर ओळखत नाहीत, राणी ओळखत नाही. उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा ओळखतो. शेपूट हलवतो आणि मरतो. बस. त्या कुत्र्याचं ग्रीक नाव दुकानवालीला झोकात उच्चारता येतं, माझी जीभ अडखळते.

मला करायचाय तो त्या राजाचा वास. कुत्र्याच्या नाकात शिरला असेल तसा. खारवलेली कातडी, ओली लोकर, धूर, डुकरांच्या वाड्यात काढलेली रात्र. त्यासाठी माझ्याकडे लॅबडॅनम आहे — तिकडच्या झुडपांचा चिकट डिंक. जुन्या काळी चरणाऱ्या बकऱ्यांच्या दाढीला तो लागायचा आणि गुराखी दाढी विंचरून काढायचे! शिवाय कोष्ठाचं मूळ, न धुतलेल्या केसांसारखं. देवमाशाच्या पोटातून पडून समुद्रात वर्षानुवर्षं तरंगलेल्या अंबराचा एक खडा. आणि बकऱ्याच्या केसांचा अर्क, मी स्वतः स्पिरिटमध्ये मुरवलेला. झाकण उघडलं की शेजारीण खिडकी लावून घेते.

एक मात्र मला पटत नाही. ती राणी! वीस वर्षं वाट पाहिली, समोर बसून त्याच्याशी बोलली, आणि ओळखलं नाही? बाईला नाक नव्हतं का? मी असते तर जिन्यातच ओळखलं असतं.

१२ फेब्रुवारी

काल खरं ते लिहिलंच नाही. इथं तरी कशाला लपवायचं. मला कुठल्या राजाबिजाचा वास करायचा नाहीये. स्वारीचा करायचाय.

१९ फेब्रुवारी

गेल्या वर्षी याच सुमारास गेला. दुसरी बाई नाही, भांडण नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. बॅग भरून दारात उभा राहिला आणि म्हणाला, ‘मला या घरात माझाच वास येत नाही गं. शर्टाला, उशीला, टॉवेलला — सगळीकडे तुझं काम. यात मी कुठं आहे?’

मी काय म्हणाले? ‘मग खिडकी उघड!’

त्यानं दार उघडलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्यात. लेक म्हणते, काही नाही तिथं, एक पलंग आणि उघड्या खिडक्या. कारण म्हणून काय शोधलं तर वास! दारुड्याची बायको सोडून जाते, जुगाऱ्याची जाते. अत्तरवालीचा नवरा वासापायी गेला, हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

आणि मी शहाणी! तो गेला त्याच दिवशी त्याचं राहिलेलं सगळं गरम पाण्यात बुडवलं. चादरी, अभ्रे, दारामागचा शर्ट. वासावर पोट भरणाऱ्या बाईनं घरातला तेवढाच वास धुऊन टाकला. संध्याकाळी दोरीवरच्या शर्टात तोंड खुपसलं, तर साबणाच्या पावडरीतलं लिंबू. दारामागे राहिला तो फक्त माझा कामाचा झगा. तो कधीच धुवायचा नसतो. धुतला की साबण कामात लुडबुडतो.

तेव्हापासून आठवणीनं करतेय. त्याच्या मानेचा, कानामागचा वास. रोज रात्री तिथं नाक खुपसून झोपायचे. अजून येतो मला तो, पण पट्टीवर उतरत नाही.

२ मार्च

प्राण्यांचे डॉक्टर घरी येऊन गेले. आत शिरताच म्हणाले, ‘बापरे, इथं शिजतंय काय?’ मला कसलाच वास येत नव्हता. स्वतःच्या घराचा वास माणसाला येत नाही. बाहेरगावाहून आलं की दार उघडताना एक श्वासभर येतो, तेवढाच. दुसऱ्या श्वासाला नाक बसतं. हे मी शिकाऊ पोरींना पहिल्याच दिवशी सांगते.

कारभाऱ्याचं हृदय दमलंय. डोळ्यांत मोतीबिंदू, कान गेलेले. ‘नाक तेवढं शाबूत आहे,’ म्हणाले. ‘अजून एखादा महिना. कुणाची वाट बघतोय का हा?’

मी म्हटलं, ‘नाही, वारं लागतं म्हणून दारात पडतो.’

डॉक्टरांशी खोटं बोलले! कारण सरळ आहे — स्वारीला बोलावून घ्या म्हणाले असते. आणि मी बोलावणार नाही. नाक घासत तर अजिबात नाही. कारभाऱ्याला मी त्याचा वास करून देईन. एकदा उठू दे, शेपूट हलवू दे, मग खुशाल जाऊ दे. माझ्याच्यानं तेवढं व्हायला हवं. एवढी वर्षं नाक चालवलं ते कशासाठी?

९ मार्च

दुकानवाली येऊन नमुना हुंगून गेली. डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि म्हणते कशी — ‘ताई, अगदी तुम्ही खोलीत आल्यासारखं वाटतं!’

कपाळाला हात लावला. मी बकऱ्यासारखी की डुकराच्या वाड्यासारखी, तेवढं विचारायचं राहिलं. तिचं नाक सर्दीनं कायमचं चोंदलेलं, तिला काय कळतंय.

कारभारी — एकदा हुंगलं. फुस्स.

१४ मार्च

अंबर वाढवलं. नाही.

१५ मार्च

कोष्ठ वाढवलं. नाही. माझंच डोकं दुखायला लागलं.

२३ मार्च

केवढा शोध! कपाट सरकवलं तर मागे त्याचा कंगवा! पडून राहिलेला, एक दात मोडलेला, आणि दातांत केस. त्याचे! पिकलेले, आखूड, तेलकट. मी जमिनीवर बसून नाचायचीच बाकी होते.

छोट्या बाटलीत स्पिरिट घेतलं आणि केस आत सोडले. बकऱ्याच्या अर्काशेजारीच बाटली ठेवली. बकरा आणि नवरा, शेजारी शेजारी. त्याला कळलं असतं तर पोट धरून हसला असता. हसणारा होता तो. हे लिहिलं आणि एकदम रडू आलं.

एवढेसे केस, फार काही उतरायचं नाही. पण मला धागा सापडला तरी पुरे.

१ एप्रिल

धीर धरवला नाही, उघडली बाटली. अगदी पुसट, पण आहे! आणि काय आहे? लॅबडॅनम! कोष्ठ! म्हणजे माझा अंदाज अगदी बरोबर! माणसाच्या केसांतच लॅबडॅनमची झाक होती आणि मी ती नुसत्या आठवणीवरून ओळखली होती. माझ्या नाकाला मीच नमस्कार केला.

त्याबरहुकूम नमुना दुरुस्त केला. पट्टीवर टाकला, डोळे मिटले. तो. तोच! कानामागचा. तासभर बसून राहिले पट्टी घेऊन. मला वाटलं मी मरेन.

मग दाराशी गेले.

कारभाऱ्यानं हुंगलं, फुस्स केलं आणि मान पंजांवर टाकली.

‘अरे, हाच आहे!’ मी ओरडले त्याच्यावर. बहिऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यावर ओरडले. ‘हाच आहे, मला कळतं!’

४ एप्रिल

उकडलेलं अंडंही नको म्हणतो. पाणी मी बोटानं जिभेला लावते.

लेक आली. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दारापाशी मांडलेल्या पट्ट्यांकडे बघितलं. ‘आई, हे काय चालवलंयस? त्याला बाबा हवाय. बाटली नकोय.’ आणि माझ्यासमोर फोन लावला. मी हात धरला नाही तिचा. जिवावर आलं होतं, पण धरला नाही.

६ एप्रिल

आला.

किल्ली आहे त्याच्याकडे, तरी बेल वाजवली. ती बेलच मला आधी लागली. मी दार उघडलं. ‘ये’ म्हणाले, पाहुण्याला म्हणावं तसं.

बारीक झालाय. शर्ट स्वतः इस्त्री केलेला, कॉलर चुकलेली. माझ्या बाजूनं आत आला तेव्हा नाकानं आपलं काम केलंच — साबण, बसचा धूर, आणि खाली काहीतरी सपक, कच्च्या बटाट्याच्या सालीसारखं. ओळखीचं काहीच नाही. एक परका माणूस माझ्या घरात शिरलाय आणि त्याला माझ्या नवऱ्याचं तोंड आहे, असं वाटलं. वर्षात माणूस इतका पुसला जातो!

तो खाली बसला. ‘कारभारी, मी रे.’ हात पुढे केला. कारभाऱ्यानं हुंगलं. खूप वेळ हुंगलं, बोटं, तळवा, मनगट. शेपटीचं बूड एकदा हललंसं वाटलं. मग कोड्यात पडल्यासारखा थांबला आणि मान खाली.

‘ओळखलं नाही मला,’ तो म्हणाला. लहान मुलासारखं म्हणाला. लेक स्वयंपाकघरात निघून गेली.

मी म्हटलं, ‘थांब.’ आत जाऊन बाटली आणली. त्याचा हात धरला — वर्षानं! — आणि मनगटावर, कोपराच्या आत, कानामागे लावलं. कातडीची ऊब लागायला जरा वेळ जातो. आम्ही तिघंही वाट बघत बसलो.

आणि कारभाऱ्यानं मान उचलली.

आधी पुढचे पाय. मागचे फरशीवरून घसरले, परत लावले. उठला! थरथरत दोन पावलं गेला आणि त्याच्या कोपराच्या आत आख्खं तोंड खुपसलं. पिल्लू असताना काढायचा तसला आवाज काढला. शेपूट इतकी हलली की तोल जायला लागला. स्वारीनं त्याला कवेत घेतलं. तो रडत होता, उघड, आवाज करून.

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? ‘जमलं!’

मोठ्यांदा बोलले. हे मी इथं लिहून ठेवतेय, कारण त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मी बघितलं.

थोड्या वेळानं त्यानं मनगट नाकाला लावलं. ‘काय आहे हे?’

‘तू आहेस.’

‘मी?’ परत हुंगलं. ‘अगं, ही तर तू आहेस.’

‘तुझं नाक केव्हापासून चालायला लागलं?’ मी म्हटलं. झालं! एका मिनिटात पुन्हा तिथंच. कारभारी त्याच्या मांडीवर झोपेपर्यंत बसला. मग उठून मोरीत गेला आणि हात धुतले. साबणानं, कोपरापर्यंत, नंतर मान, कानामागे. पाण्याचा आवाज किती वेळ येत होता! टॉवेल घेतला नाही माझा. ओल्या हातांनीच गेला.

८ एप्रिल

कारभारी गेला. सकाळी, झोपेतच. दाराकडे तोंड नव्हतं.

१३ एप्रिल

फोन करून स्वारीला कळवलं लेकीनंच. ‘बरं झालं, उठला तरी एकदा,’ म्हणाला म्हणे.

घर खायला उठतंय. दारातून जाताना पाय अजून उंच उचलते.

लेकीला बाटली दाखवली. माझं म्हणणं, हा बाबाचा वास. बाबाचं म्हणणं, आईचा. तिनं हुंगलं आणि तिचे डोळे भरले. ‘दोघंही वेडे आहात. हा घराचा वास आहे. शाळेतून आले की दार उघडताना यायचा. तुमच्या दोघांचा मिळून.’

सहवास. किती वेळा बोललेय हा शब्द. त्याच्या पोटात ‘वास’ आहे हे या वयात दिसलं. बरं वाटलं जरा. दोघांचा मिळून — म्हणजे वेगळा काढता येणार नाही, म्हणून एवढे नमुने फसले. दुकानवालीला सांगितलं, बाटलीवर ग्रीक नाव नको, ‘सहवास’ लिही. ती नाक मुरडेल वाटलं होतं, पण उड्या मारायला लागली. ‘ताई, धीट आहे! बायका रडतील!’ रडू देत.

लेक म्हणते, चार दिवस माझ्याकडे चल. जाते. झाकणं लावली सगळी.

२९ एप्रिल

लेकीकडून परत आले. दार उघडलं, एक श्वास घेतला — आणि तो! कानामागचा, जिवंत, गरम!

बॅग हातातून पडली. किल्ली आहे ना त्याच्याकडे! हाका मारल्या. मोरीत बघितलं, गॅलरीत बघितलं, वेड्यासारखं पलंगाखालीसुद्धा बघितलं. घरात कुणी नव्हतं. वास दारामागून येत होता. तिथं माझा झगा टांगलेला.

तोंड खुपसलं त्यात. तोच. पूर्ण.

जिन्यातच ओळखलं असतं म्हणे! राणीला हसले होते मी. एवढी वर्षं त्याच्या मानेत नाक खुपसून मी मलाच हुंगत होते. कारभारी बाटलीला उठला नाही, नुसत्या त्यालाही उठला नाही. दोन्ही एका कातडीवर आलं तेव्हा उठला. त्याला आम्ही दोघं येत होतो. मला मी एकटीच.

बटाट्याची साल. तो होता तो.

फोन लावला. म्हटलं, ‘एकदा ये. मला तुझा वास घ्यायचाय. काही लावू नकोस.’

मग म्हणाला, ‘साबण?’

म्हटलं, ‘तोही नको.’